तिसऱ्या पिंपाची चव

नोव्हेंबर, दुसरा शनिवार. सकाळी साडेदहा. उंब्रजजवळची शेड.

हजर: धाकटी बहीण (पिंप तिचं, म्हणून पहिली ती). मी. माझे यजमान, फौजेतले निवृत्त हवालदार. आत्या, जतहून आदल्या संध्याकाळच्या एसटीनं आलेली. द्राक्षवाले काका, तासगावकडचे जैन बागायतदार; पिणार नाहीत, फक्त वास घेणार, हे त्यांनी स्वतःच माझ्याकडून लिहून घेतलं.

ही हजेरी मी त्या सकाळी खरोखरच घेतली होती. पाचगणीतल्या एका निवासी शाळेची कोठी गेली एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. तांदळाचं पोतं आत आलं की त्याची नोंद, साबणाची वडी बाहेर गेली की तिची नोंद. ही सवय सुट्टीच्या दिवशी घरी ठेवून येता येत नाही. शिवाय त्या दिवशी नोंद ठेवायचं कारणही होतं. धाकटीचं पुढचं आयुष्य कुठे जाणार ते त्या एका पिंपावर ठरणार होतं.

आधी पिंपाबद्दल. धाकटी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि पुण्याला एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं नोकरी केली. मग एक दिवस नोकरी सोडून इकडे आली. हायवेपासून आत, धान्याचं एक बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेतलं, परवान्यासाठी चपला झिजवल्या आणि छोटी ब्रुअरी सुरू केली. साधी हलकी बिअर ती चार हॉटेलांना देते, त्यावर शेड चालते. पण पुणं तिनं त्यासाठी सोडलं नव्हतं. तिला शेतावरची बिअर करायची होती. युरोपात म्हणे शेतकरी आपल्याच धान्याची बिअर हिवाळ्यात करून ठेवत आणि उन्हाळ्यात कामावरच्या माणसांना देत. तशी बिअर, पण आपल्या धान्याची आणि आपल्या फळाची, ओकच्या लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली. पिंपं तिनं एका वायनरीतून जुनी आणली. तीन.

पहिल्या पिंपात स्ट्रॉबेरी घातली, त्याचं व्हिनेगर झालं. दुसऱ्यातही स्ट्रॉबेरी, त्याचंही व्हिनेगर. दुसरं ओतून दिलं तेव्हा मी तिथे होते. ती मोरीपाशी पाण्याची नळी धरून उभी होती आणि लाल पाणी पांढरं होईपर्यंत पाणी सोडत राहिली. मग म्हणाली, "अक्का, तिसरं बघते. तेही गेलं तर पुण्याला परत जाते."

नोव्हेंबर लागला तेव्हा जुन्या कंपनीचा निरोप आलेला होता. जागा रिकामी होती, उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. म्हणून पिंप शनिवारी उघडायचं ठरलं.

तिसऱ्या पिंपात बार्ली होती, जतचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, होता आणि काकांची काळी द्राक्षं होती. फेब्रुवारीत अवकाळी पावसानं त्यांच्या बागेतले मणी तडकले होते, बेदाण्याला ते चालले नसते. काकांना मी फोनवर विचारलं होतं, "बिअरला जाणार आहेत, तुम्हाला चालेल ना?"

"आमी फळ इकतो ताई," काका म्हणाले होते. "फुडं त्याचं काय हुतंय ते फळाला इचारा."

पण शनिवारी ते स्वतःहून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी. दाराच्या आत दोन पावलं टाकून थांबले. "लांबनं वास घेतो. नऊ म्हयनं झालं, माल कसा झालाय ते तरी कळू दे."

मी सामान मांडलं. काचेचे पाच ग्लास, पक्कड, नवा खिळा, बादली, पुसायला फडकं, वही. धाकटीनं वही उचलून चाळली. मी थांबवायच्या आत तिनं पान उलटलं.

"हे काय? 'शेड बंद करताना करायची कामे.' चौदा? अक्का, तू बंद करायची यादीपण केलीस?"

"दोन्ही केल्यात. पुढचं पान बघ. 'बाटल्या भरताना.' त्यात एकवीस आहेत."

"बघा दाजी! एकवीस-चौदा," ती माझ्या यजमानांना म्हणाली. "तुमची बायको माझ्या बाजूनं आहे."

"ती यादीच्या बाजूनं आहे," हे म्हणाले. "मला काय सांगतेस? तीस साल झाले, मी तिच्या लिस्टवरच आहे."

हसलो खरे, पण ती वही मिटून पिंपाकडे वळली होती.

अशा पिंपातून चव घ्यायची एक सोपी रीत आहे. मला ती फार आवडते, कारण त्यात वाया काही जात नाही. पिंपाच्या तोंडावरच्या फळीला मध्यावर बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा ठोकून ठेवलेला असतो. चव घ्यायची वेळ आली की पक्कडीनं खिळा उपसायचा, बारीक धार येते, ग्लास भरून घ्यायचा आणि खिळा परत बसवायचा. वरचं बूच उघडायला लागत नाही, हवा आत जात नाही. हवा गेली की व्हिनेगर व्हायचा धोका.

तिनं पक्कड लावली. खिळा हलेना. हे पुढे झाले. "इकडे दे."

"दाजी, हात लावायचा नाही!"

"ठीक है, मॅडम. बादली पकडतो."

दुसऱ्या हिसक्याला खिळा निघाला आणि धार थेट ह्यांच्या शर्टावर. पहिला ग्लास भरेपर्यंत सगळे एकदम बोलत होतो, "धर, धर", "अगं बादली", "खिळा कुठाय?" खिळा माझ्या मुठीत होता. धाकटीनं तो परत ठोकला आणि ग्लास दारातल्या उन्हात धरला.

रंग! असा रंग असेल असं मला वाटलं नव्हतं. भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या पाण्यासारखा, मध्ये तांबूस, कडेला सोनेरी. फेस नव्हता. फेस बाटलीत गेल्यावर येईल हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी पहिला दोष तोच लिहिला असता.

तिनं वास घेतला. घोट घेतला. डोळे मिटले. परत एक घोट. मग ग्लास माझ्या हातात देऊन ती सरळ दाराबाहेर गेली.

काकांनी टोपी काढून परत घातली. हे हळूच म्हणाले, "गेलं वाटतं."

मी ग्लासाकडे बघत होते. मी बिअर पिणारी बाई नव्हे. वर्षातून दोनदा, बहिणीसाठी, औषधासारखी घेते. तरी घेतली. म्हटलं, व्हिनेगर असेल तर मलाही कळेल, कोठीत त्याचे कॅन माझ्याच हाताखालून जातात.

आधी आंबट. जिभेच्या दोन्ही कडा एकदम जाग्या झाल्या, मीठ लावलेल्या कैरीनं होतात तशा. मी झोंबण्याची वाट बघितली. व्हिनेगर घशात झोंबतं. हे झोंबलं नाही. आंबटपणा गोल होऊन खाली उतरला आणि मागून द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा आला. त्यामागून लाकूड आलं. लाकूड म्हणजे चक्क सुक्या खोबऱ्याचा वास, नुकती किसणी मारल्यासारखा. आणि सगळं गिळून झाल्यावर तोंडात राहिली ती शाळूच्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. मी दुसरा घोट घेतला तो औषधासारखा नव्हता.

"व्हिनेगर नाही!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी कोठीत उंदीर निघाला तेव्हाही ओरडले नव्हते.

बाहेरून धाकटीचा आवाज आला, "माहीत आहे!"

ती दारात उभी होती, तोंड धुतलेलं, डोळे लाल. "माहीत आहे गं. मला एक मिनिट दे फक्त."

मग धांदल उडाली, खिळा पुन्हा काढून बाकीचे ग्लास भरले. ह्यांनी ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि निकाल दिला, "रमच्या पुढं सरबत आहे. पण सरबत एक नंबर. आणखी आहे?" काकांच्या हातात मी ग्लास दिला. त्यांनी तो नाकापासून वीतभर लांब धरून तीनदा वास घेतला.

"साल हाय," ते म्हणाले. "बियाबी हाय. आन पावसाच्या आदल्या दिवशी बागंत जो वास असतोय ना, त्यो बी हाय. नऊ म्हयनं कुटं लपला हुता ह्यो?" ग्लास परत देताना त्यांनी बोट ग्लासाबाहेरच्या ओघळाला लागू दिलं नाही, पण उभे मात्र आता पिंपाला खेटून होते.

मी वहीत लिहीत होते: रंग, वास, चव, प्रत्येकाचं मत. धाकटी दुसरा ग्लास घेऊन पिंपाभोवती फिरत होती. पहिला आनंद ओसरला तसा तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"अक्का, एक गोष्ट कळत नाही. असा आंबटपणा यायला नको होता."

"वाईट आहे?"

"फार चांगला आहे. म्हणून तर. मी घातलेल्या यीस्टनं हा येत नाही. हा दह्याच्या जातीचा आंबटपणा आहे. मी असलं काही घातलेलंच नाही." ती खाली बसली. "कुठून आलं ते कळलं नाही तर पुढचं पिंप कसं करू? एकदा चुकून जमलं तेवढ्यावर मी पुण्याला नाही म्हणून कळवू?"

पिंप चांगलं निघालं आणि तरी प्रश्न जिथल्या तिथेच.

आत्या इतका वेळ पोत्यावर बसून होती. तिला ग्लास द्यायचं मी टाळत होते. ऐंशीची बाई. तिनंच हात पुढे केला.

"मला न्हाई व्हय? जतवरनं काय तुमची त्वांडं बघाय आली?"

"आत्या, दारू आहे ही. हलकी आहे, पण दारूच."

"चवीपुरती दे. कोन इचारतंय मला आता?"

तिनं ग्लास नाकाशी नेला, जरा थांबली, घोट घेतला, जीभ टाळूला लावून चोखला. मग ग्लास मांडीवर ठेवून आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आम्हीच काहीतरी लपवलंय.

"ही तर माजीच हाय."

"काय तुझी?"

"आंबील. माज्या आंबवणाचा वास हाय ह्याला. मला काय वळकू येत न्हाई व्हय?"

हे हसले. "आत्याबाई, एका घोटात चढली?"

"आवं जावई, गप बसा जरा. तुमाला रमबिगर कशाची चव कळती?"

धाकटी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "ज्वारी आहे ना ह्यात, आत्या. म्हणून तसा वास येत असेल."

"नुसता जुंधळा घातला म्हंजी आंबील हुती व्हय गं? आंबवण लागतंय की. म्हणून तर म्या घातलं."

धाकटीनं ग्लास खाली ठेवला.

"काय घातलंस?"

"आंबवण. तूच की फोनवर म्हणालीस, आत्या, आंबवायला ठेवलंय, जरा बघ. म्या बघितलं. बोट घालून चाटलं तर नुसतं ग्वाड! आंबवणाचा पत्त्या न्हाई. म्हटलं, पोरगी लय शिकली पर इसरली. घातलं माज्या गाडग्यातलं."

"बोट घालून?" धाकटीला तेवढंच ऐकू आलं असावं.

"धुतलं हुतं बोट."

मी वही मागे मागे उलटत गेले. परवाना मिळाल्यापासून शेडवर कोण आलं-गेलं त्याची नोंद मी ठेवायला लावली होती. फेब्रुवारीत आत्या आठ दिवस धाकटीकडे होती आणि तिला सोडायला मीच आले होते. माझंच अक्षर: 'आत्या. सोबत कपड्यांची पिशवी एक, गाडगं एक, झाकणासकट.' पित्तावर आंबीलच चालते म्हणून ती जाईल तिथे ते गाडगं नेते. त्यात ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून आंबत ठेवलेलं असतं. रोज त्यातलं थोडं शिजवून प्यायचं, उरलेल्यात नवं पीठ घालायचं. ते गाडगं तिच्या लग्नापासून एकदाही पूर्ण रिकामं झालेलं नाही, असं ती सांगते.

आणि त्या आठ दिवसांतल्या एका दिवशी धाकटी द्राक्षं ठरवायला काकांच्या बागेत गेली होती. तिसऱ्या पिंपासाठी शिजवून गाळलेला बार्ली-शाळूचा गोड रस मोठ्या भांड्यात थंड होत होता. परत आल्यावर ती त्यात यीस्ट घालणार होती. फोनवर "जरा बघ" म्हणजे झाकण सरकलं नाही ना एवढंच बघ, असं तिला म्हणायचं होतं. पण जतच्या बाईला 'आंबवायला ठेवलंय, बघ' म्हटलं तर ती झाकण कशाला बघेल?

"मग मला सांगितलं का नाहीस?" धाकटीनं विचारलं.

"त्यात काय सांगायचं? दुधाला इरजण लावलं की गावभर सांगत फिरतीस का तू?"

काकांना पहिल्यांदा हसू फुटलं. टोपी तोंडावर धरून हसले. मग हे, मग मी. धाकटीनं कपाटातून आपली कामाची वही ओढून काढली, पानं फाडल्यासारखी उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं आम्लतेचं मोजमाप. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आंबट. त्यापुढे तिनंच लिहिलं होतं: 'यंत्र बिघडलं?'

"यंत्र बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "अक्का, आत्यानं पहिल्याच दिवशी रस आंबट करून ठेवला होता. लाकडातले वाईट जंतू उठायच्या आत. म्हणून व्हिनेगर झालं नाही!" तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले. "आत्या, अगं बारा वर्षं मी प्रयोगशाळेत काय करत होते?"

"आंबवण घालाय इसरत हुतीस," आत्या म्हणाली. "सोड, ग्लास सांडंल."

धाकटीनं तिथेच उभं राहून पुण्याला निरोप पाठवला. दोन ओळी. आपण बोलावलंत त्याबद्दल आभारी आहे, येऊ शकत नाही. पाठवायच्या आधी मला वाचायला दिला, मी एक वेलांटी दुरुस्त केली.

आता माझं काम सुरू झालं. तिसऱ्या पिंपाची कृती पूर्ण लिहून काढायची, म्हणजे चौथं पिंप तसंच करता येईल. गाळ तळाशी राखून ठेवता येईल, पण नऊ महिन्यांत त्यातलं काय जगलं असेल आणि काय मेलं असेल सांगता येत नाही, सुरुवात होती तशीच हवी, असं धाकटीचं म्हणणं. पाणी, बार्ली, शाळू, द्राक्षं, सगळ्यांची वजनं तिच्या वहीत होती. मी रकाने आखले आणि पेन घेऊन आत्यासमोर बसले.

"आत्या, किती घातलंस?"

"घातलं की बेतानं."

"बेतानं म्हणजे? वाटीभर? तांब्याभर?"

"वंजळीनं घातलं. दोन. न्हाईतर अडीच."

मी मोजपात्र आणलं, बादलीत पाणी घेतलं. "दाखव." आत्यानं ओंजळ भरून पाणी मोजपात्रात सोडलं. मी आकडा लिहिला. दुसऱ्यांदा करायला सांगितलं तर निम्म्यानं कमी. तिसऱ्यांदा पहिल्याहून जास्त.

"आत्या, तीन वेळा तीन आकडे आले."

"पानी हाय ते. आंबवण दाट असतंय, हातात बसतंय. पान्याची वंजळ गळती, तिचं काय मोजतीस?"

हे म्हणाले, "पीठ कालवून दे ना."

मी भाकरीसाठी आणलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवलं. आत्यानं त्यात बोटं घातली, चोळली आणि मान हलवली. "हे आंबलेलं न्हाई. आंबलं की फुगतंय, हालकं हुतंय. ह्याची वंजळ येगळी, त्याची येगळी." आणि ते गाडगं या खेपेला तिनं सुनेकडे ठेवलं होतं. एसटीत कोणीतरी पाय लावतं म्हणून.

"मग तुला कसं कळतं किती घालायचं?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बगून."

मी तो शब्द रकान्यात लिहिला होता. धाकटीनं खोडायला लावला.

त्यानंतरच्या पंधरवड्यात बाटल्या भरून झाल्या, बुचं बसली. आत्या परत गेली, जाताना एक बाटली पिशवीत, साडीत गुंडाळून. तिसऱ्या पिंपाचं पान माझ्या वहीत पूर्ण आहे, एक चौकोन सोडून. आंबवण, मग रेघ, मग काही नाही. मोजपात्र, तराजू आणि कोरी वही घेऊन एका रविवारी जतला जायचं आहे, सकाळच्या एसटीनं, आत्याचं गाडगं आंबून वर आलेलं असेल अशा वेळी. दोन रविवार गेले. शाळेत वार्षिक साठा मोजायचा होता. अजून गेलेले नाही.